डोळे उघडून देणे

आमच्या माजघराच्या भिंतीवर पणजोबांचा एक मोठा फोटो आहे. काळा कोट, डोक्याला पगडी आणि थेट आपल्यावर रोखलेली नजर. लहानपणी मला त्या नजरेची भीती वाटे. माजघरात कुठेही उभं राहिलं तरी ती पाठ सोडत नसे. पुढे आजीकडून कळलं, की पणजोबांनी हयातीत एकदाही फोटो काढून घेतला नव्हता. ते गेले त्या दिवशी गावातल्या फोटोग्राफरला बोलावलं, त्यांना खुर्चीत टेकवून बसवलं आणि तो एकच फोटो निघाला. डोळे अर्थातच मिटलेले. मग तो फोटो तालुक्याच्या गावी एका आर्टिस्टकडे गेला. त्यानं तो मोठा केला, वरून ब्रश फिरवला आणि मिटलेल्या पापण्यांच्या जागी दोन डोळे रंगवले. आजीचं वाक्य मला अजून तिच्या आवाजात ऐकू येतं : "त्यानं डोळे उघडून दिले."

'रंगवले' म्हणाली नाही, 'काढले' म्हणाली नाही. मराठीत क्रियापदाला असं 'देणे' जोडलं की ते काम दुसऱ्या कुणासाठी होतं. अर्ज आपण लिहितो स्वतःसाठी. लिहून देतो ते दुसऱ्याला. मग त्या आर्टिस्टनं डोळे उघडून दिले ते कुणाला? फोटो बघणाऱ्या आम्हा घरच्यांना, की पणजोबांना? ही शंका मनात पुष्कळ वर्षं पडून होती. तिचं उत्तर सापडलं ते दूरच्या मुलखातल्या एका शब्दात.

झारखंडच्या संथाळ परगण्यात आणि त्याला लागून असलेल्या बंगालच्या भागात जादूपटुआ नावाचे फिरते चित्रकार आहेत. संथाळ घरात कुणी गेल्याचं कळलं की जादूपटुआ तिथे पोचतो. त्याच्यापाशी कागदाच्या छोट्या तुकड्यावर काढलेली एक आकृती असते. पुरुष गेला असेल तर पुरुषाची, बाई असेल तर बाईची, मूल असेल तर मुलाची. चेहरा हुबेहूब असायची गरज नाही. चार रेषांत माणूस झाला म्हणजे पुरे. हात, पाय, वस्त्र सगळं असतं, फक्त डोळ्यांत बुबुळं नसतात. तो घरच्यांना सांगतो, की तुमचं माणूस परलोकात आंधळ्यासारखं चाचपडतंय, त्याला वाट दिसत नाही. घरचे मग जमेल ते देतात : एखादं पितळी भांडं, पैसे, कोंबडी, बकरी. ते मिळालं की तो कुंचल्याच्या टोकानं दोन ठिपके ठेवतो. या विधीला म्हणतात चक्षुदान, आणि त्या कागदाला चक्षुदान पट.

भोळ्या लोकांना लुबाडण्याचा धंदा, असं याकडे पाहणारे पाहोत. मला तसं वाटत नाही. घरात मरण झालं की माणसांना हातांचं काय करावं ते कळत नाही. गेलेल्यासाठी अजून काहीतरी करता येतंय, आणि ते केल्यावर त्याचं बरं होणार आहे, हे कुणीतरी दारात येऊन सांगावं लागतं. जादूपटुआ तेवढ्यासाठीच येतो. आणि चित्रकार म्हणून त्याचं काम किती अवघड आहे! दुःख दाखवायचं नाही, आठवण जपायची नाही. परलोकात गेलेल्याला इथून दृष्टी पोचवायची.

'चक्षुदान' वाचल्यावर कुणाही मराठी माणसाला आठवेल तो 'नेत्रदान' हा शब्द. दर वर्षी 25 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर हा पंधरवडा त्यासाठी पाळला जातो, दवाखान्यांत फलक लागतात. चक्षु काय, नेत्र काय, अमरकोशाच्या लेखी दोन्ही एकच. दानही तेच, वेळही तीच. सुतकाच्या घरी कुणीतरी डोळ्यांसाठी दारात येतं. नेत्रपेढीची माणसंही घाईनं येतात, कारण साधारण सहा तासांच्या आत बुबुळाचा पडदा काढून घ्यावा लागतो. फक्त देणारा आणि घेणारा यांनी जागा बदलल्या आहेत. आपल्या शब्दात मेलेला माणूस जिवंताला डोळे देतो. तिकडे जिवंत माणूस मेलेल्याला देतो. दोन्ही शब्द मला सारखेच मोलाचे वाटतात.

त्या दोघांची मुळं मात्र वेगळी आहेत. नेत्र आला तो 'नी' या धातूपासून, म्हणजे नेणे. नेता आणि नयन त्याच घरातले. जे पुढे घेऊन जातं ते नेत्र. चक्षु ज्या 'चक्ष्' धातूपासून आला, त्याचा अर्थ पाणिनीय धातुपाठात आधी 'स्पष्ट बोलणे' असा दिलाय आणि मग 'पाहणे हाही' अशी पुस्ती जोडली आहे. पाहणं आणि सांगणं एकाच धातूत! मरणाची चित्रं आपल्याकडे ज्यांनी सांभाळली, त्यांचा सगळा व्यवसायच या एका धातूवर उभा होता.

ते समजायला 'पट' हा शब्द उलगडावा लागतो. पट म्हणजे मुळात कापड. त्यावर चित्र काढलं की तो चित्रपट, काढणारा पटुआ. मराठीनं हा शब्द सोंगट्या आणि बुद्धिबळाला दिला, 'जीवनपट' केला, शाळेत नेला. शाळेतला पट म्हणजे नावांची यादी : पटसंख्या, हजेरीपट, पटावरून नाव कमी करणे. एकाच शब्दात चित्र आणि नोंदवही शेजारी बसली. आणि यमाच्या दारात नेमक्या याच दोन गोष्टी लागतात.

संस्कृतात एका पटाला खास नाव होतं, यमपट. त्यावर यम, त्याचे दूत, नरकातल्या शिक्षा, पुण्यवंतांची गती अशी चित्रं असत आणि तो हातात घेऊन गाणारा, सांगणारा माणूस घरोघर फिरे. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'त चाणक्याचा हेर निपुणक हेच सोंग घेतो. सोंगाची निवड मोठी जाणती आहे. यमपटवाल्याला कुणाच्याही अंगणात शिरायला आडकाठी नसणार, कारण मरण कुठल्याच घराला परकं नाही. चंदनदास जवाहिऱ्याच्या घरी निपुणक पट पसरतो आणि गाऊ लागतो. आतून पाचेक वर्षांचं एक मूल कुतूहलानं बाहेर येतं. त्याला मागे ओढायला एका बाईचा हात दाराबाहेर येतो, आणि पुरुषाच्या बोटाच्या मापाची अंगठी तिच्या बोटातून निसटून घरंगळत निपुणकाच्या पायापाशी थांबते. तीच अमात्य राक्षसाची मुद्रा. नाटकाचं नाव त्या अंगठीवरून, कथानक सगळं तिच्यावर फिरतं, आणि ती हाती लागली ती एका मुलाला यमाचं चित्र बघायचं होतं म्हणून.

सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'तही मुलंच आहेत. वडील प्रभाकरवर्धन आजारी असल्याचा निरोप मिळून हर्ष राजधानीकडे धावत येतो. बाजाराच्या रस्त्याला लागतो तेव्हा त्याला यमपट्टिक दिसतो. डाव्या हातात चित्रांचा पट, त्यावर रेड्यावर बसलेला भयानक यम, उजव्या हातात शराची काडी. काडी चित्रावर टेकवत तो परलोकात काय घडतं ते सांगतोय आणि भोवती मुलांचा गराडा पडलाय. बाण तिथे रेंगाळत नाही. हर्ष पुढे जातो, आणि राजा थोड्याच काळात मरतो. मला मात्र त्या मुलांपाशी थांबावंसं वाटतं. घरात कुणी गेलं की आज आपण मुलांना शेजारच्या घरी पाठवून देतो. तेव्हा मरण रस्त्यावर, उन्हात, चित्रात दिसायचं, आणि मुलं त्याच्या जवळ सरकायची.

असे चित्रवाले त्याहूनही जुने. महावीरांचा समकालीन आणि आजीविकांचा आचार्य गोशाल याचे वडील 'मंख' होते, असं जैन परंपरा सांगते. मंख म्हणजे चित्र दाखवून भिक्षा मागणारा. इकडे बंगालच्या पटुआंच्या लांब गुंडाळ्यांत कथा कोणतीही असो, शेवटी पुष्कळदा यम येतो. ब्रिटिश म्युझियममध्ये 1800च्या सुमाराचा गाझी पिराचा एक पट आहे. कथा एका मुसलमान पिराची, तरी गुंडाळीच्या तळाशी यमदूत आहेतच. हे पटुआ स्वतः बहुतेक मुसलमान, आडनाव लावतात चित्रकार, आणि गातात यमाचं आणि मनसादेवीचं. तिथे धर्माची शीव कुठे आखायची?

हे पटुआ पट 'काढतात' असं म्हणत नाहीत, पट 'लिहितात' म्हणतात. राजस्थानात पाबूजी या लोकदैवताची फड, म्हणजे चित्रांचा पट, भोपे नावाचे गायक 'बाँचतात', म्हणजे वाचतात. (तमाशाच्या फडाशी याची गल्लत नको, ही फड पटाच्याच कुळातली.) आपल्या सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर चित्रकथींकडे सुट्या कागदांवरच्या चित्रांचे जुडगे असतात आणि प्रत्येक जुडग्याला म्हणतात पोथी. 'लिख्' या धातूचा मूळ अर्थ ओरखडा काढणे. त्या ओरखड्याचं पुढे अक्षरही झालं आणि आकृतीही, म्हणून संस्कृतात चित्राला आलेख्य म्हणतात. या सगळ्या माणसांसाठी चित्र ही वाचायची गोष्ट होती, आणि वाचून दाखवणाऱ्यावाचून ते अपुरंच राहायचं.

आता चित्रगुप्त. पापपुण्याच्या चोपड्या सांभाळणाऱ्या या कारकुनाच्या नावात 'चित्र' का? लोकांनी त्याचा छान उलगडा केला आहे : माणसाच्या प्रत्येक कृत्याचं गुप्त चित्र याच्यापाशी असतं. उलगडा मनाला भिडतो, पण व्याकरण त्याच्या बाजूचं नाही. चंद्रगुप्त म्हणजे लपलेला चंद्र नव्हे, चंद्रानं राखलेला. विष्णुगुप्त म्हणजे विष्णूनं राखलेला. त्याच रीतीनं चित्रगुप्त म्हणजे चित्रानं राखलेला. मग हा चित्र कोण? नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर यमतर्पण करतात, त्यात यमाची चौदा नावं घ्यायची असतात. त्या यादीत 'चित्र' हे यमाचंच एक नाव आहे आणि लगेच पुढचं नाव चित्रगुप्त. म्हणजे यमानं राखलेला तो. मला दोन्ही अर्थ हवेत. एक शब्दाचा आहे, दुसरा लोकांचा, आणि यमपट शतकानुशतकं पाहिलेल्या लोकांना 'चित्र' म्हटल्यावर चित्रच दिसणार. उत्तरेकडचे कायस्थ यमद्वितीयेला, म्हणजे आपल्या भाऊबीजेला, चित्रगुप्ताच्या नावानं दौत-लेखणीची पूजा करतात.

'चित्र' हा शब्द ऋग्वेदात आहे, पण तिथे त्याचा अर्थ रंगवलेली आकृती असा नाही. सूर्य चित्र असतो, उषा चित्र असते : लखलखणारी, डोळ्यांत भरणारी, नाना रंगांची. ठिपक्यांचं चितळ हे 'चित्रल' आणि ठिपक्यांचा चित्ता हा 'चित्रक', ही दोन्ही जनावरं तो जुना अर्थ अजून अंगावर वागवतात. चित्रकारापासून प्राकृताच्या वाटेनं आपला चितारी आला; सावंतवाडीची चितार आळी त्याच्याच नावाची. आजचे भाषाशास्त्रज्ञ चित्राचं नातं 'चित्' धातूशी, जाणणे, दिसून येणे याच्याशी जोडतात, आणि ते मला पटतं. पण जुन्या वैयाकरणांनी उणादिसूत्रांत चित्र हा शब्द 'चि' धातूपासून साधला आहे. 'चि' म्हणजे रचणे, एकावर एक ठेवणे, गोळा करणे. संचय त्यातूनच आला. चिताही त्यातूनच आली : रचलेली लाकडं. चितेचा दाह संपल्यावर जे करतात, ते अस्थिसंचयन, तेही त्यातलंच. आणि अवशेषांवर उभारतात ते चैत्य, त्याचीही व्युत्पत्ती कोशकार चितेकडेच नेतात.

शास्त्र म्हणून ही चित्राची व्युत्पत्ती आज कुणी धरून बसणार नाही. तरी अजिंठ्यात उभं राहिल्यावर मला ती सोडवत नाही. चैत्यगृहांच्या त्या डोंगरात चित्र आणि चिता हे शब्द खरोखरच भिंतीला भिंत लावून राहतात.

अजिंठ्यातली मरणाची दोन चित्रं मला फार शिकवून गेली, आणि गंमत अशी, की दोन्हींना पाहणाऱ्यांनी चुकीची नावं दिली. सोळाव्या लेण्यातलं एक चित्र 'मरणोन्मुख राजकन्या' म्हणून जगभर गाजलं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून अजिंठ्याच्या नकला करवल्या. त्यांनी या चित्रातल्या करुणेची अपार वाखाणणी केली. मान कलंडलेली स्त्री, सावरून धरणारी दासी, भोवती कावरीबावरी माणसं. पण ती मरत नाहीये. ती सुंदरी, बुद्धांचा सावत्र भाऊ नंद याची बायको. नंदानं भिक्षू होऊन मुकुट उतरवला, तो मुकुट घेऊन सेवक आला आणि तो पाहून तिचा धीर सुटला. अश्वघोषाचं 'सौंदरनंद' ज्यांनी वाचलं त्यांना ही गोष्ट ठाऊक आहे. नाव चुकलं, पण पाहणाऱ्याचं काळीज चुकलं असं मी म्हणणार नाही. जिवंत माणूस घर सोडून गेल्याचा शोक आणि मेल्याचा शोक चित्रकाराच्या कुंचल्यातून सारखाच उतरला. मुकुट परत येतो, माणूस येत नाही. आपल्याकडे दवाखान्यातून कपड्यांची पिशवी घरी येते तेव्हा नेमकं हेच होतं.

दुसरं चित्र सतराव्या लेण्याच्या ओसरीत आहे. मोठं चक्र, आता बरंचसं झडलेलं. सुरुवातीच्या प्रवाशांना ते राशिचक्र वाटलं आणि लेण्याचं नावच राशिचक्राचं लेणं पडलं. ते आहे भवचक्र : जन्म, मरण, पुन्हा जन्म. ते ओसरीतच का, याचं उत्तर 'दिव्यावदान' हा बौद्ध कथासंग्रह देतो. विहाराच्या दारापाशी असं चक्र काढावं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते समजावून सांगायला एक भिक्षू तिथे नेमावा, असं बुद्धांनी सांगितल्याची कथा त्यात आहे. म्हणजे पुन्हा तेच, चित्र आणि शेजारी सांगणारा. सांगणारा भिक्षू गेला तेव्हा भवचक्राचं राशिचक्र झालं.

मराठी मुलखात हे चित्रानं सांगणं दगडातही आहे. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड; त्यातला 'गळ' म्हणजे कानडी कल्लु, दगड. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यांत वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तो वीर. श्रद्धांजलीच्या फलकावर आपण नावाआधी 'कैलासवासी' लिहितो, ती खरं तर वीरगळाची सगळ्यांत वरची चौकट आहे.

आता पतंजलींकडे. मरण आणि चित्र यांच्याबद्दलचं मला सगळ्यांत खोल वाटणारं बोलणं कलाग्रंथात सापडत नाही, ते व्याकरणात आहे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात महाभाष्यात पतंजलींनी प्रश्न घेतला : कंस मरून युगं लोटली, तरी आजही 'कंसाला मारवतो' असा वर्तमानकाळ लोक वापरतात तो कसा? नट तर तो प्रसंग डोळ्यांसमोर करूनच दाखवतात, तिथे अडचण नाही. पण चित्रांचं काय? पतंजलींचं उत्तर असं, की चित्रांतही उगारलेले आणि बसलेले तडाखे दिसतात, कंसाला फरफटत नेणं दिसतं. दिसतंय, म्हणून वर्तमानकाळ. क्रियापदाचा काळ ठरवताना एका वैयाकरणानं चित्राची साक्ष काढली. चित्रातलं मरण कधी भूतकाळात जात नाही. म्हणूनच शोकाच्या चित्रापुढे दोन हजार वर्षांनीही घसा दाटतो.

चित्र पुरं करण्याला संस्कृतात 'उन्मीलन' म्हणतात. कालिदासानं 'कुमारसंभवा'त पार्वतीच्या बहरत्या रूपाला उपमा देताना कुंचल्याच्या संदर्भात हाच शब्द घातला आहे. उन्मीलन म्हणजे डोळे उघडणे. पाबूजीच्या फडीतही सगळं रंगवून झाल्यावर शेवटी देवाचे डोळे लिहितात. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी सगळ्यांत कसबी हाताकडे असते. आणि आपण मेला म्हणायचं टाळायला काय म्हणतो? डोळे मिटले.

फड जीर्ण झाली, फाटली की भोपे ती फेकत नाहीत. तिला 'ठंडी' करतात, पुष्करच्या पाण्यात सोडतात. आपणही मूर्तीचं आणि अस्थींचं विसर्जनच करतो, आणि ताप उतरलेल्या अंगाला आणि शेवटच्या अंगाला एकच शब्द लावतो, थंड पडलं. डोळे लिहिल्यावर जी जिवंत झाली, तिला मरणही रीतसर मिळावं लागतं.

पणजोबांच्या फोटोला गेल्या पावसाळ्यात ओल आली. भिंतीचं काम काढलं तेव्हा मी तो खाली उतरवला आणि मागची पाटी सोडवली. मूळ छपाई विटून पिवळट झाली आहे; कोटाच्या बाह्या, पगडी, गालांची हाडं सगळं पुसट होत कागदात मिसळत चाललंय. आर्टिस्टनं वरून लावलेला रंग मात्र टिकला. काळे गर्द, ओलसर वाटणारे ते दोन डोळे तेवढे कागदावर स्वच्छ उरले आहेत. चुलतभाऊ म्हणाला, आता हा नदीत सोडून देऊ. बहीण म्हणाली, स्कॅन करून घेऊ. भिंतीचा रंग वाळेपर्यंत तो कपाटाला टेकवून ठेवला होता, जमिनीवर, माझी नात रांगते त्या उंचीवर. ती त्याच्यापुढे जाऊन बसली आणि बोट लावून म्हणाली, "डोळे."